वॉशिंग्टनमधील दगडी कडा : एका संग्रहालयाच्या इमारतीविषयी

गेल्या वर्षी आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने अमेरिकेतून काही छायाचित्रे पाठविली. तो नोकरीनिमित्त मेरीलँड राज्यात असतो आणि सुटीच्या दिवशी जवळच्या वॉशिंग्टन शहरातील वस्तुसंग्रहालये पाहत फिरतो. इतिहासाच्या तासाला मी ती छायाचित्रे नववीच्या मुलांना दाखविली. त्यांतील एका छायाचित्रात पिवळसर रंगाचा, एकावर एक थर रचलेला, वाऱ्यापावसाने झिजलेला वाटावा असा एक कडा होता. कड्याचा वरचा भाग पुढे झुकलेला, त्याखाली गर्द सावली आणि पायथ्याशी पाणी. “सर, हा कोणता डोंगर?” असे एका मुलाने विचारले.

तो डोंगर नव्हता. ती अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या राष्ट्रीय संग्रहालयाची इमारत होती. ‘स्मिथसोनियन’ या अमेरिकेच्या मोठ्या सार्वजनिक संस्थेचे हे संग्रहालय २१ सप्टेंबर २००४ रोजी लोकांसाठी खुले झाले. त्याचे अधिकृत नाव ‘नॅशनल म्युझियम ऑफ द अमेरिकन इंडियन’ असे आहे. आपल्या जुन्या क्रमिक पुस्तकांतून या लोकांना ‘रेड इंडियन’ म्हटले जाई. हा शब्द आता सोडला पाहिजे. कातडीच्या रंगावरून माणसांना नाव ठेवण्याचे काम आपण तरी करू नये.

मुलाच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी पस्तीस मिनिटांचा तास अपुरा पडला. इमारत डोंगरासारखी का बांधली? तो केवळ हौसेचा, दिखाऊपणाचा भाग होता की त्यामागे काही विचार होता? स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा हेच उत्तर जरा सविस्तर लिहावे असे ठरविले. वास्तुशास्त्र हा माझा विषय नाही. परंतु एखादी इमारत कोणी, कोठे आणि कोणासाठी बांधली, हा इतिहासाचाच प्रश्न आहे.

प्रथम जागा समजून घेतली पाहिजे. वॉशिंग्टन शहराच्या मध्यभागी ‘नॅशनल मॉल’ नावाचे लांबलचक हिरवे मैदान आहे. मॉल म्हणजे येथे दुकानांचा बाजार नव्हे. मैदानाच्या पूर्व टोकाला कॅपिटॉल, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची घुमटाकार इमारत, उभी आहे. दोन्ही बाजूंना राष्ट्राची संग्रहालये आहेत. त्यांतील जुन्या इमारती पाहिल्या की प्राचीन ग्रीस आणि रोम यांची आठवण व्हावी अशीच योजना आहे : उंच जोते, खांबांची रांग, त्रिकोणी शीर्षभाग, घुमट, पांढरा दगड. अमेरिकन गणराज्याने स्वतःचे पूर्वज म्हणून अथेन्स आणि रोमची निवड केली आणि ती निवड दगडात कोरून ठेवली. वस्तुतः ज्या भूमीवर हे मैदान आहे, ती नाकॉचटँक आणि पिस्कॅटवे या जमातींची भूमी होती. त्या मैदानावर त्यांची एकही खूण नव्हती.

खूण नव्हती, पण वस्तू होत्या. मूळ रहिवाशांची वस्त्रे, शस्त्रे, भांडी, बाहुल्या हे सारे स्मिथसोनियनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात मांडलेले असे. म्हणजे गोऱ्या अमेरिकनांचा इतिहास एका इमारतीत, आणि मूळ रहिवाशांच्या वस्तू दुसऱ्या इमारतीत, डायनासोरचे सांगाडे आणि पेंढा भरलेले प्राणी यांच्या शेजारी. या मांडणीत एक शब्दही न लिहिता पुष्कळ काही सांगितले गेले होते : या लोकांना इतिहास नाही, ते निसर्गाचा भाग आहेत, आणि ते संपत आले आहेत. मांडणी हेही एक विधान असते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने कधी विसरू नये.

वस्तूंपाशीही हे थांबले नव्हते. संग्रहालय स्थापन करणारा कायदा अमेरिकेच्या संसदेने १९८९ साली केला. त्या कायद्याच्या मजकुरातच असे नमूद आहे की स्मिथसोनियनकडे मूळ रहिवाशांचे मानवी अवशेष मोठ्या संख्येने आहेत : लष्कराच्या वैद्यकीय संग्रहालयाकडून आलेले सुमारे ४,००० आणि उत्खनने, देणग्या इत्यादी मार्गांनी आलेले आणखी सुमारे १४,०००. अठरा हजार माणसांचे अवशेष! कोणाचे तरी आजोबा, कोणाची तरी लेक. कपाळाची मापे घेऊन वंशांची प्रतवारी लावण्याच्या एकोणिसाव्या शतकातील खटाटोपासाठी यांतील कित्येक कवट्या रणभूमीवरून आणि दफनभूमीतून उचलल्या गेल्या होत्या. नव्या कायद्याने या अवशेषांची नोंद करून ते संबंधित जमातींना परत करण्याचे बंधन घातले. नवी इमारत आणि परतफेड या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात आहेत. इमारतीकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते.

संग्रहालयाच्या वस्तूंचा मुख्य साठा मात्र न्यूयॉर्कहून आला. जॉर्ज गुस्ताव हाय हे तेथील एक श्रीमंत गृहस्थ. कोलंबिया विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतलेले. १८९७ साली ॲरिझोनामध्ये कामावर असताना त्यांनी नावाहो जमातीचा हरणाच्या कातड्याचा एक सदरा विकत घेतला. तेथून जो छंद लागला तो आयुष्यभर सुटला नाही. त्यांनी जमविलेल्या वस्तूंची संख्या अखेरीस आठ लाखांच्या घरात गेली. १९१६ साली त्यांनी आपले संग्रहालय स्थापन केले आणि १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावर, १५५व्या गल्लीपाशी, ते लोकांसाठी उघडले.

१९१६ हे साल वाचताच आपल्या वाचकांना दुसरे काही आठवले असेल. त्याच वर्षी ९ मे रोजी, त्याच ब्रॉडवेवर थोड्या अंतरावर असलेल्या कोलंबिया विद्यापीठात, बाबासाहेबांनी ‘भारतातील जाती’ हा आपला निबंध वाचला. तो ज्यांच्या परिसंवादात वाचला, ते प्राध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर हे मानववंशशास्त्रज्ञ होते आणि त्यांनी स्वतः कॅनडातील इरोक्वॉ लोकांमध्ये राहून अभ्यास केला होता. या योगायोगावर कोणताही डोलारा उभारण्याचा माझा हेतू नाही. तरी एवढे म्हणता येईल की त्या शहरात त्या वर्षी ‘दुसऱ्यांच्या’ समाजांविषयी अभ्यासकांच्या मोठमोठ्या चर्चा चालू होत्या, आणि ज्याच्या समाजाविषयी चर्चा व्हायची तो स्वतः उभा राहून बोलतो, हे दृश्य दुर्मीळ होते. बाबासाहेब त्या खोलीत उभे राहिले. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना आपल्या वस्तूंविषयी स्वतः बोलण्यासाठी, राजधानीत स्वतःची इमारत मिळण्यासाठी, त्यानंतर ८८ वर्षे लागली.

आता इमारतीकडे वळू. मॉलवर, कॅपिटॉलच्या अगदी समोर, सव्वाचार एकरांचा एक मोकळा तुकडा उरला होता. तो या संग्रहालयाला मिळाला. आराखडा काढण्याआधी निरनिराळ्या जमातींच्या लोकांशी अनेक ठिकाणी बैठका झाल्या. तुम्हाला इमारत कशी हवी, असे विचारल्यावर लोकांनी खांब किंवा घुमट मागितले नाहीत. दार पूर्वेला असावे, म्हणजे उगवत्या सूर्याकडे. आत नैसर्गिक उजेड यावा. पाणी आणि झाडे असावीत. आणि आम्ही संपलेले लोक नसून जिवंत आहोत हे पाहणाऱ्याला कळावे, अशा स्वरूपाच्या त्यांच्या अपेक्षा होत्या. ज्यांच्यासाठी इमारत आहे त्यांनाच आधी विचारणे, ही गोष्ट ऐकायला साधी वाटते. आपल्याकडे किती स्मारके अशी विचारून बांधली गेली, हे वाचकांनी स्वतःशी मोजून पाहावे.

१९९३ साली ज्यांची निवड झाली त्या वास्तुरचनाकारांचे नाव डग्लस कार्डिनल. त्यांचा जन्म १९३४ साली कॅनडातील कॅलगरी येथे झाला. वडिलांकडून ते ब्लॅकफूट लोकांपैकी. त्यांच्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण त्यांचे बालपण एका निवासी शाळेत गेले.

‘निवासी शाळा’ हे शब्द आपण अभिमानाने उच्चारतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरातला पहिला पदवीधर अशाच शाळेच्या छपराखाली घडला. कॅनडात हेच शब्द ऐकले की माणसे गप्प होतात. तेथे शासनाच्या पैशावर आणि ख्रिस्ती धर्मसंस्थांच्या व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या निवासी शाळांमध्ये मूळ रहिवाशांची सुमारे दीड लाख मुले घरापासून तोडून ठेवण्यात आली. केस कापले गेले, मातृभाषेत बोलले की शिक्षा होई, हजारो मुले तेथेच दगावली. कॅनडाच्या पंतप्रधानांनी ११ जून २००८ रोजी संसदेत याबद्दल क्षमा मागितली. मुलाला घरापासून दूर ठेवून त्याला त्याचा इतिहास द्यायचा की त्याचा इतिहास त्याच्याकडून काढून घ्यायचा, यावर निवासी शाळेचा अर्थ ठरतो. कार्डिनल अल्बर्टा प्रांतातील अशाच एका शाळेत वाढले. पुढे त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९६३ साली टेक्सास विद्यापीठाची पदवी मिळविली.

कार्डिनल यांच्या इमारतींमध्ये सरळ रेषा क्वचित आढळते. अल्बर्टातील रेड डिअर या गावी त्यांनी बांधलेले सेंट मेरी चर्च १९६८ साली पूर्ण झाले. त्याच्या विटांच्या भिंती नदीच्या वळणासारख्या वाहत जातात. अशा छताचा भार कसा पेलला जाईल याचे गणित हाताने सुटणारे नव्हते. म्हणून त्या काळात, जेव्हा संगणक ही खोलीभर पसरलेली वस्तू होती, त्यांनी तिचा उपयोग केला. ‘निसर्गाकडे परत’ असे म्हणणारे लोक यंत्राला नाके मुरडतात असा आपला समज असतो. येथे उलट आहे. वाऱ्यापाण्याने हजारो वर्षांत कोरलेली वळणे कागदावर उतरवायला त्यांना त्या काळातील सर्वांत नवे यंत्र लागले.

वॉशिंग्टनच्या आधी त्यांनी स्वतःच्या देशात एक मोठे संग्रहालय उभारले होते. ओटावा नदीच्या एका तीरावर कॅनडाची संसद आहे. पलीकडच्या तीरावर, क्वेबेक प्रांतात, आज ‘कॅनडाचे इतिहास संग्रहालय’ म्हणून ओळखली जाणारी इमारत आहे. ती १९८९ साली उघडली. तेथे कल्पना अशी : हिमयुग संपत असताना बर्फ वितळत गेले, खालचा प्राचीन खडक उघडा पडला, वितळलेल्या पाण्याने वाटा कोरल्या, आणि त्या भूमीवर माणसे आली. म्हणून एक इमारत त्या प्राचीन खडकाच्या रूपात आहे. तीत वस्तूंचा साठा आणि अभ्यासकांच्या खोल्या आहेत. दुसरी हिमनदीच्या रूपात आहे. तीत प्रदर्शने आहेत. दोहोंच्या मधून नदीकडे मोकळी जागा उतरत जाते. नदीकाठच्या भव्य दालनाला शंभर मीटरांहून लांब काचेची भिंत आहे. तिच्यातून पलीकडची संसद दिसते, आणि दालनात पश्चिम किनाऱ्यावरील जमातींचे कोरीव लाकडी स्तंभ उभे आहेत. भिंतींचा दगड मॅनिटोबा प्रांतातील टिंडल चुनखडक. त्यात समुद्री जीवांचे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीवाश्म उघड्या डोळ्यांनी दिसतात. संसदभवनाच्या आतल्या भिंतींनाही हाच दगड आहे. नदीच्या दोन तीरांवर एकच दगड : एकीकडे चौकोनी कापून, टोकदार कमानींच्या इमारतीत बसविलेला, आणि दुसरीकडे त्याच्या मूळच्या लयीत सोडलेला.

वॉशिंग्टनमध्ये हीच रीत अधिक टोकाला गेली. तेथे कल्पना एका कड्याची होती, वारा आणि पाणी यांनी झिजवलेल्या थरांच्या खडकाची. हे साधले कसे, ते समजण्यासाठी सहावी-सातवीच्या भूगोलातील समोच्च रेषा आठवाव्यात. डोंगराचा नकाशा काढताना आपण समान उंचीचे बिंदू जोडून एकात एक अशी वेडीवाकडी वळणे काढतो. त्यांतील प्रत्येक वळण वेगळे असते. या इमारतीच्या मजल्यांच्या कडा तशाच आहेत. नेहमीच्या इमारतीत खालचा मजला काढला की वरचे मजले त्याच मापाने चढवता येतात. येथे प्रत्येक मजल्याची रेषा निराळी आहे. एक आत जाते, दुसरी बाहेर येते. म्हणून उभ्या भिंतीऐवजी खाचा, कपारी आणि पुढे आलेले छज्जे तयार होतात. अशा भिंतीवरचा प्रत्येक बिंदू मोजून ठरवावा लागतो.

दगड मिनेसोटा राज्यातील कसोटा चुनखडक आहे. (आपल्या कसोटीशी या नावाचा संबंध नाही. मुलांना मात्र ते ऐकून गंमत वाटली.) त्याचा रंग मधासारखा पिवळसर. तो गुळगुळीत घासलेला नाही. कमीजास्त जाडीच्या थरांत, खडबडीत अंग बाहेर ठेवून तो लावला आहे. आपल्या माजी विद्यार्थ्याने लिहिले होते की भिंतीवर हात फिरवला तर तळवा खरखरतो, आणि उन्हे कलली की प्रत्येक थराखाली सावलीची बारीक रेघ उमटते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. हा कडा आतून पोलाद आणि काँक्रीटचा आहे. दगड ही त्यावरची त्वचा आहे. आपल्याला अजिंठा ठाऊक आहे. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर भिक्खूंसाठी विहार कोरले गेले, तेव्हा शिल्पकारांनी खऱ्या डोंगरातून नको तो दगड काढून टाकला. तेथे डोंगर आधी होता, वास्तू नंतर झाली. वॉशिंग्टनमध्ये सपाट जमिनीवर, दुरून दगड आणून, डोंगराचा आभास निर्माण केला आहे. पहिल्याला घडण म्हणावे, दुसऱ्याला रचना. दोहोंची तुलना करून कमीजास्त ठरविण्याची गरज नाही, पण फरक माहीत असावा.

आत शिरल्यावर सुमारे १२० फूट उंचीचे गोल दालन लागते. त्याचे नाव ‘पोटोमॅक’. शहरातून वाहणाऱ्या नदीचे हे नाव पिस्कॅटवे भाषेतले असून माल आणून उतरवतात ती जागा असा त्याचा अर्थ दिला जातो. दालनाच्या वर घुमट आहे, मधोमध उजेडासाठी झरोका आहे, आणि दक्षिणेकडील भिंतीत आठ मोठे लोलक बसविले आहेत. ऊन पडले की त्यांतून सप्तरंगांचे पट्टे जमिनीवर उतरतात आणि दिवस चढेल तसे सरकत जातात. घुमट येथेही आला, असे कोणी म्हणेल. आला खरा. पण कॅपिटॉलचा घुमट दुरून दिसावा म्हणून आहे. हा आत उभ्या राहणाऱ्याने वर पाहावे म्हणून आहे.

बाहेरच्या परिसराची आखणी करणाऱ्यांत डॉना हाउस या नावाहो-ओनायडा वनस्पतितज्ज्ञ होत्या. त्यांचा वाटा मला इमारतीइतकाच महत्त्वाचा वाटतो. शहर वसण्यापूर्वी या भागात जी भूमी होती, तिचे चार तुकडे येथे पुन्हा उभे केले आहेत : उंचवट्यावरचे जंगल, पाणथळ, गवताळ माळ आणि शेत. सुमारे १५० जातींची तीस हजारांहून अधिक रोपे लावली गेली. क्वेबेकहून आणलेले चाळीसहून अधिक अनगड शिलाखंड जागोजागी ठेवले आहेत. त्यांना ‘आजोबा-शिळा’ म्हणतात, कारण माणसांच्या आधीपासून ते सारे पाहत आले आहेत. चार दिशांना चार खुणेचे दगड आहेत. उत्तरेचा कॅनडाच्या वायव्य प्रदेशातला, पश्चिमेचा हवाई बेटांवरचा, दक्षिणेचा चिलीच्या दक्षिण टोकाकडचा, पूर्वेचा जवळच्याच मेरीलँडमधला. उत्तरेचा दगड सुमारे चार अब्ज वर्षांचा, पृथ्वीवरच्या सर्वांत जुन्या ज्ञात खडकांपैकी आहे. समोरासमोरचे दगड रेषांनी जोडले तर त्या रेषा ‘पोटोमॅक’ दालनाच्या मध्यावर छेदतात.

माजी विद्यार्थ्याने पत्रात आणखी एक निरीक्षण लिहिले होते. मॉलवरून चालत आलेल्या माणसाला समोर दार दिसत नाही. पाण्याच्या कडेकडेने, शिळांच्या बाजूने, इमारतीला वळसा घालून पूर्वेकडे जावे लागते. शेजारच्या इमारतीत थेट दारात शिरता येते, येथे का नाही, असे त्याला प्रथम वाटले. मग दाराशी पोहोचून मागे वळल्यावर कॅपिटॉल नेमका समोर आला. ज्या सभागृहात या लोकांशी केलेल्या तहांना मंजुरी मिळाली आणि ज्या सभागृहाने ते तह मोडणारे कायदे केले, ते आता रोज सकाळी या दाराच्या समोर असते.

ही सारी कथा सुरळीत मात्र नाही. १९९८ साली करारावरून वाद होऊन कार्डिनल यांना या कामातून दूर करण्यात आले. पुढचे काम इतरांनी पुरे केले. त्यांत चेरोकी-चॉक्टॉ वंशाचे जॉनपॉल जोन्स आणि होपी कलावंत रमोना साकीएस्टेवा होत्या. मूळ आकार कार्डिनल यांचाच राहिला, परंतु पूर्ण झालेल्या इमारतीबद्दल त्यांनी उघड नाराजी व्यक्त केली. ज्याने कल्पिले त्यालाच शेवटचा हात फिरवता आला नाही, ही या इमारतीची दुखरी बाजू आहे.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि तो मला स्वतःला बराच काळ सतावत होता. मूळ रहिवाशांना निसर्गाचा भाग मानून डायनासोरच्या शेजारी बसविले, हीच जर जुनी चूक होती, तर त्यांच्या संग्रहालयाला कड्याचे रूप देणे म्हणजे तीच चूक सुंदर करून पुन्हा करणे नव्हे काय? आपल्याकडेही आदिवासींना ‘निसर्गपुत्र’ म्हणण्याची पद्धत आहे. शब्द गोड आहे, पण त्यातून माणसाचा इतिहास, त्याचे राजकारण आणि जमिनीवरचा त्याचा हक्क अलगद वजा होतो. निसर्गपुत्राला सात-बारा कशाला हवा, असे त्यावर सहज म्हणता येते.

या आक्षेपाचे निम्मे उत्तर इमारतीच्या शेतात मिळते. चार तुकड्यांपैकी एक शेत आहे, हे महत्त्वाचे. तेथे मका, वाल आणि भोपळा एकत्र लावतात. मक्याच्या ताटावर वालाचा वेल चढतो, वाल जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची रुंद पाने ओल टिकवतात. ही पद्धत रानात आपोआप उगवलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आणि बियाण्याच्या निवडीतून ती माणसांनी घडविली. मक्याचे कणीस हीच मुळी मध्य अमेरिकेतील शेतकऱ्यांनी एका रानगवतातून हजारो वर्षांत निर्माण केलेली वस्तू आहे. म्हणजे येथे दाखविलेला निसर्ग हा कसलेला, नावे दिलेला, हक्क असलेला निसर्ग आहे. त्याला भूमी म्हणणे अधिक योग्य.

उरलेले निम्मे उत्तर दगड देऊ शकत नाहीत. ते आतल्या प्रदर्शनांनी द्यायचे असते, आणि तेथे आरंभी उणीव राहिली. सुरुवातीच्या तीन प्रदर्शनांत प्रत्येकी आठ समाजांना स्वतःविषयी स्वतः बोलण्यासाठी जागा दिली होती. हे मोठेच पाऊल होते. पण चळवळीतील कार्यकर्त्यांनी उद्‌घाटनाच्या वेळीच विचारले की कत्तली कोठे आहेत? हिसकावलेल्या जमिनी कोठे आहेत? वर्तमानपत्री समीक्षकांचीही तक्रार होती, ती वेगळ्या कारणाने : मांडणी विस्कळीत वाटते, नीट काही कळत नाही. मला पहिली तक्रार अधिक वजनदार वाटते. इमारत कितीही अर्थपूर्ण असली तरी भिंतीवरच्या मजकुराचे काम ती करीत नाही. दहा वर्षांनी, २०१४ साली, अमेरिकेने या राष्ट्रांशी केलेल्या तहांवर स्वतंत्र प्रदर्शन उघडले. त्यात मूळ तहनामे ठेवली जाऊ लागली. कागद, सह्या, खुणा, आणि पुढे काय झाले त्याची हकीकत. कड्याच्या पोटात कागद आला, तेव्हा कुठे ती इमारत पुरी झाली असे मी मानतो.

उद्‌घाटनाच्या दिवशी पाचशेहून अधिक जमातींचे सुमारे पंचवीस हजार लोक आपापल्या पोशाखात मॉलवरून चालत आले होते. संग्रहालयाचे पहिले संचालक डब्ल्यू. रिचर्ड वेस्ट हे स्वतः सदर्न शायान जमातीचे. आजही तेथील उपाहारगृहाचे नाव ‘मित्सिताम’ आहे. डेलावेअर आणि पिस्कॅटवे भाषांत त्याचा अर्थ ‘चला, जेवू या’.

माजी विद्यार्थ्याने पाठविलेले शेवटचे छायाचित्र शेतातले आहे. पुढे मक्याची ताटे, त्यांना लालसर तुरे आलेले, आणि मागे दूरवर पांढरा घुमट. ते मी मोठे करून इतिहासाच्या वर्गात लावले आहे. मागची इमारत कोणती, असे विचारल्यावर बहुतेक मुलांना सांगता आले नाही. पुढे काय आहे, असे विचारल्यावर मात्र मागच्या बाकावरचा, सुटीत वडिलांबरोबर शेतात राबणारा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, मका आहे. अजून पंधरा दिवसांनी कणसं धरतील.”